दुसऱ्याच्या नावाचं जॅकेट

जरा टेकून ऐका. मला सांगायची घाई नाही आणि अंगात तेवढं त्राणही उरलेलं नाही. मी एक निळं जॅकेट. कॉर्डरॉयचं, उभ्या रेघारेघांचं. पाठीवर सोनेरी धाग्यात गरुड, घुबड, नांगर, मक्याचं कणीस अशी भरगच्च मंडळी, त्यांच्यावर 'नेब्रास्का' आणि खाली आमच्या गावाचं नाव, 'वेल्बी'. शाळेत शेती शिकणारी पोरं मला घालतात. छातीवर उजव्या बाजूला घालणाऱ्याचं नाव असतं. माझं सगळं दुखणं त्या नावाचंच होतं.

तुम्ही म्हणाल, जॅकेटाला कसलं आलंय दुखणं? एकदा एप्रिलमध्ये लिंकनला या आणि राज्याचं शेतकी अधिवेशन बघा. राज्यभरातली हजारो पोरं एका छपराखाली, सगळी माझ्यासारखीच निळी. चेन गळ्यापर्यंत ओढलेली हवी असा नियम आहे. आत पोरगं उकडून निघतं, घाम पितो मी. आणि बक्षिसं! माती ओळखण्याची, वेल्डिंगची, मांसाचे तुकडे ओळखण्याची, सभा नियमानं चालवण्याची. दुधाचा घोट घेऊन 'या गाईनं रानलसूण खाल्लाय' असं सांगणारी पोरंसुद्धा आहेत. प्रत्येक बक्षिसाला उठा, टाळ्या वाजवा, बसा. पुन्हा उठा. तीन दिवस. माझी कोपरं झिजली ती नांगर धरून नव्हे, टाळ्या वाजवून.

या सगळ्यात मोठा मान राज्य पदवीचा. पोरानं स्वतःच्या हिमतीवर शेतीतलं काही उभं करायचं, तीन-चार वर्षं ते निभावायचं, मग मंचावरून त्याचं नाव पुकारतात आणि घरचं माणूस त्याच्या जॅकेटावर, नावाच्या खाली, सोनेरी बिल्ला टोचतं. त्या दिवशी रांगड्या बापांचे हात कसे थरथरतात, ते मी छातीजवळून पाहिलंय. वासराचं बाळंतपण अंधारात चाचपडत करणाऱ्या माणसाला दोन बोटांएवढा बिल्ला लावता येत नाही.

माझा पहिला मालक ट्रेंट सोबोत्का. त्याच्या आईनं मला दोन मापं मोठं मागवलं. "पोरगं वाढेल," म्हणाली. वाढलंही. पहिल्या वर्षी माझ्या बाह्या त्याच्या बोटांवरून लोंबायच्या आणि तो त्यांना नाक पुसायचा. तिसऱ्या वर्षी मनगटं बाहेर आली. माती ओळखण्यात तो पटाईत. खणलेल्या खड्ड्यात उतरायचा, तळहातावर थुंकायचा, चिमूटभर माती त्यात मळायचा आणि डोळे मिटून सांगायचा, हिच्यात चिकणमाती किती. राज्यात तिसरा आला होता. चौथ्या वर्षी फेब्रुवारीत त्याच्या राज्य पदवीचं पत्र आलं. मार्चमध्ये तो गेला.

मी तेव्हा घरात खुंटीवर होतो. कानावर आलं ते एवढंच, की मक्याच्या कोठीत अपघात झाला. आमच्याकडे शेताशेतात पत्र्याच्या टोलेजंग कोठ्या असतात, वरपर्यंत मक्यानं भरलेल्या. वरून बघाल तर टणक जमीन वाटते. माणूस तिच्यात बुडतो.

त्या एप्रिलमध्ये ट्रेंटचं नाव पुकारलं, तेव्हा त्याचा बाप व्हर्लिन सोबोत्का मला हातावर घेऊन मंचावरून चालत गेला. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळी मात्र एकही नाही. मग त्यानं मला आमच्या शाळेच्या शेतीवर्गात आणून दिलं. टेबनबाई तेव्हा नव्यानंच शिकवायला लागल्या होत्या.

"ज्या पोराला स्वतःचं जॅकेट घेणं परवडत नसेल, त्याला द्या," तो म्हणाला. "पण दरवर्षी हे अधिवेशनाला गेलं पाहिजे. नावासकट."

"जाईल, व्हर्लिन," बाई म्हणाल्या. त्यांनी शब्द पाळला. भोगलं मी.

एकोणीस वर्षं मी त्या कपाटात राहिलो. वर्षभर अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि एप्रिल आला की कुणाच्या तरी अंगावर लिंकनला. एक पोरगी माझ्या आत उभी राहून भाषण म्हणत होती, तिसऱ्या परिच्छेदाला अडली आणि पुढचं काही केल्या आठवेना. तिचं काळीज माझ्या शिवणीवर धाडधाड आपटत होतं. एक पोरगा अध्यक्षांच्या निरोपाच्या भाषणात झोपला आणि माझ्या कॉलरवर लाळ गाळून बसला. त्याला मी दोष देत नाही, भाषण तसंच होतं. साथीच्या वर्षी अधिवेशन पडद्यावर झालं, तेव्हा एका मुलीनं मला घालून, खाली पायजमा तसाच ठेवून, स्वयंपाकघरात एकटीनं टाळ्या वाजवल्या.

पण प्रत्येकाच्या वाट्याला एक गोष्ट ठरलेली. कुणी अनोळखी हसत हात पुढे करायचं, छातीवरचं नाव वाचायचं, म्हणायचं, "काय ट्रेंट, कुठल्या गावचा?" मग पोरानं सांगायचं की मी ट्रेंट नव्हे, ट्रेंट असा असा गेला. समोरच्याचा हात तसाच हवेत राहायचा. मान खाली. "अरेरे." संपलं बोलणं. सोळा-सतरा वर्षांची पोरं ती. वर्षातला त्यांचा आनंदाचा दिवस, आणि दिवसभर मर्तिकाला आल्यासारखी वावरायची. एकाला तर बक्षीस मिळालं, तेव्हा मंचावरच्या पाहुण्यानं माइकवरून "शाब्बास, ट्रेंट!" म्हटलं. त्या पोराच्या आईनं नुसतं खाली बघितलं.

आणि व्हर्लिन. दर वर्षी राज्य पदवीच्या कार्यक्रमाआधी तो यायचा. स्वच्छ शर्ट, हातात टोपी. ट्रेंटची आई दोन वर्षांनी ओमाहाला बहिणीकडे गेली ती तिकडचीच झाली होती, त्यामुळे एकटाच. हजारो निळ्या जॅकेटांतून तो मला बरोबर हुडकून काढायचा. समोर उभा राहायचा. अंगठ्यानं नावावरचा नसलेला धुरळा झटकायचा. "ठीक आहे," म्हणायचा आणि निघून जायचा. आत कोण आहे, हे त्यानं कधी वर मान करून पाहिलं नाही. एकाही पोराला कधी नाव विचारलं नाही. त्याचं दुःख मला कळत होतं; तरी खरं सांगतो, तो अंगठा टेकला की मला कपाट बरं वाटायचं.

यंदा मी यारेली सिफुएन्तेसच्या अंगावर आलो. तिची आई ओदिलिया गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात सुरीवर काम करते. ग्वातेमालाहून आलेली माणसं. यारेलीनं टेबनबाईंच्या गोठ्यामागे तेवीस शेळ्या पाळल्या होत्या. गुराढोरांच्या या मुलखात शेळी म्हणजे थट्टाच.

"काय गं यारेली, तुझ्या गाई धुतल्यावर आकसून शेळ्या झाल्या का?" वर्गातली पोरं विचारायची.

"झाल्या, पण तुझ्या गाईंच्या आधी विकल्या गेल्या," ती म्हणायची. खोटं नव्हतं. कारखान्यातल्या तिच्या माणसांची बारशी आणि मुलींचे थाटामाटाचे पंधरावे वाढदिवस तिच्या बोकडांवरच पार पडायचे. पहाटे चाऱ्याला, संध्याकाळी औषधाला, थंडीत करडांना कुशीत घेऊन बसायला ही एकटी. चार वर्षं. तिला राज्य पदवी मिळाली, तेव्हा बाईंनी मला कपाटातून काढलं आणि तिच्या हातात देताना सगळं सांगितलं. ट्रेंट कोण, व्हर्लिन कोण, नाव कसं जपायचं.

यारेलीनं घरी यातलं अवाक्षर काढलं नाही. तिला आई माहीत होती. मेलेल्या पोराचा कपडा अंगावर घालू द्यायची नाही, हे पक्कं ठाऊक. "शाळेनं दिलंय," एवढंच म्हणाली आणि मला खुर्चीच्या पाठीवर टाकून शेळ्यांकडे गेली. तिथंच सगळं चुकलं.

ओदिलिया कामावरून आली. हात धुतले, मला उचललं, उजेडात धरलं. माझ्या छातीवरचं नाव तिनं बोटानं गिरवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मग नणंदेला फोन लावून म्हणाली, "बघ की गं. पोरीनं चार वर्षं शेण काढलं आणि बिल्ला लागणार कुठल्या तरी पोराच्या नावाखाली. शाळेनं जुनं दिलं, हरकत नाही, जुनं काय आम्ही घालत नाही? पण नाव तरी बदलावं ना माणसानं!"

तिनं बारीक सुरी घेतली. दिवसभर हाडापासून मांस सोडवणारे ते हात. एकेक टाका असा उचलला की माझ्या कापडाला ओरखडा नाही. तासाभरात ट्रेंट सोबोत्का टेबलावर सोनेरी गुंताडा होऊन पडला होता.

तुम्हाला वाईट वाटेल, पण मी खोटं बोलणार नाही. मला हलकं वाटलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या मरणाची पाटी माझ्या छातीवर नव्हती. मग लगेच व्हर्लिनचा अंगठा आठवला आणि माझी मलाच लाज वाटली.

यारेली दारात आली आणि तिथंच थिजली. "आई! हे काय केलंस?"

"तुझं नाव घालतेय. सोनेरी धागा आणलाय बघ, अस्सल."

मग यारेलीला सगळं सांगावं लागलं. ओदिलिया आधी पांढरी पडली, मग भडकली. "मेलेल्या लेकराचं अंगावर घालून फिरणार होतीस? आणि आईला पत्ता नाही? मी त्याचं नाव सुरीनं काढलं, यारेली! माझ्या हातानं!"

"तू विचारलंस का मला?"

"तू सांगितलंस का?"

दोघीही रडल्या. ट्रेंटचं नाव परत घालावं म्हटलं, तर ती अक्षरं यंत्राची होती. हातानं तशी उठेनात, आणि सकाळी बस निघायची होती. दुसरं जॅकेट मिळणार नव्हतं, जॅकेटाशिवाय मंचावर पाय ठेवू देत नाहीत. मी तसाच निघालो, कोऱ्या छातीनं.

लिंकनमध्ये यारेली दोन दिवस छातीशी फाइल कवटाळून फिरली. जेवतानाही. टेबनबाईंनी पहिल्या दुपारीच ती फाइल खाली घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसल्या.

"व्हर्लिन उद्या येणार," त्या म्हणाल्या.

तो आला. स्वच्छ शर्ट, हातात टोपी. सभागृहाबाहेरच्या लांब बोळात यारेली उभी होती, शेजारी ओदिलिया. तिनं कामावर रजा टाकली होती आणि आपल्या गावाकडचा, हातमागावर विणलेला घागरा घालून आली होती. व्हर्लिन समोर थांबला. सवयीनं अंगठा पुढे आला.

"फाइल काढ, पोरी."

यारेलीनं फाइल खाली घेतली. कॉर्डरॉयवर टाक्यांची भोकं तेवढी उरली होती, बारीक, ओळीनं. त्याचा अंगठा त्यांच्यावर टेकला आणि तिथंच राहिला.

"कुणी केलं?"

ओदिलियाला इंग्रजी कामापुरतंच येतं, पण हा प्रश्न तिला कळला. ती पुढे झाली. "मी," म्हणाली.

"जॅकेट काढ," तो यारेलीला म्हणाला.

"व्हर्लिन, तासाभरात तिचं नाव पुकारतील," टेबनबाई मध्ये पडल्या. "जॅकेटाशिवाय तिला—"

"नियम ठाऊक आहेत मला. जॅकेट माझ्या पोराचं आहे."

यारेलीनं चेन खाली ओढली आणि मला काढून त्याच्या हातात दिलं. आत तिचा पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. व्हर्लिन मला घेऊन भराभरा बाहेर पडला, वाहनतळावर गेला, आपल्या पिकअप गाडीत बसला आणि दार लावून घेतलं. चार वर्षांची मेहनत त्या पोरीच्या अंगावरून उतरवून नेली त्यानं. मला त्याचा राग आला. मला पहिल्यांदा त्याचा राग आला.

त्यानं मला मांडीवर उलटंसुलटं केलं. भोकांवरून हात फिरवला. मग काय मनात आलं कोण जाणे, चेन पूर्ण उघडून त्यानं माझं अस्तर बाहेर काढलं.

इथं मला एक कबुली दिली पाहिजे. आत, डाव्या काखेखाली, पोरांनी नावं लिहिली होती. बॉलपेननं, बारीक अक्षरात. पहिल्यानं चोरून लिहिलं, पुढच्याला ते दिसलं, त्यानंही लिहिलं. बाहेर त्यांना जागा नव्हती, म्हणून आत. अठरा पोरं, अठरा नावं. बाईंना माहीत नव्हतं, व्हर्लिनला नव्हतं. ते गुपित मी सांभाळलं होतं.

त्यानं चष्मा लावला आणि एकेक नाव मोठ्यानं वाचलं. "ड्रू. केंड्रा. मार्लीस." काही शाई घामानं फुटली होती, तिथं तो अडायचा, कापड ताणून बघायचा. "ही तर हेल्मरांची पोरगी," स्वतःशीच म्हणाला. "हिचं आता लग्न झालं." साथीचं एक वर्ष सोडलं, तर दर वर्षी तो त्यांच्या समोर उभा राहिला होता. जॅकेटातला एकाचाही चेहरा त्याला आठवला नसावा, कारण शेवटचं नाव वाचून झाल्यावर तो चष्मा काढून नुसता समोरच्या काचेकडे बघत बसला.

काचेवर टकटक झाली. ओदिलिया होती, धापा टाकत. मागे यारेली तिचा हात ओढत होती. "आई, चल ना, राहू दे ना!" व्हर्लिननं काच खाली केली.

"त्याला सांग," ओदिलिया म्हणाली, "चूक माझी. पोरीची नाही. पोरीला शिक्षा नको."

यारेलीनं सांगितलं.

व्हर्लिननं चष्मा खिशात ठेवला. मग बोलायला लागला, त्या दोघींकडे न बघता. "कोठीत मका वर घट्ट धरला होता, खाली येईना. पापुद्रा. मीच म्हटलं त्याला, जा आत, काठीनं फोड. खालून मका उपसणारी मोटर मी चालूच ठेवली होती, ती माणसालाही खाली ओढते. दोन मिनिटांचं काम, कशाला बंद करा." त्यानं मला मुठीत आवळलं. "लोक अपघात म्हणतात. मी काही बोललो नाही. म्हटलं, पोरगं गेलं ते माझ्यामुळं, निदान नाव तरी राहिलं पाहिजे. तेवढं तरी मी करीन."

एकोणीस वर्षं मी त्याच्यासाठी ते नाव वाहिलं आणि हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, हा गर्वानं येतो. हा दर वर्षी स्वतःला गुन्हेगारासारखा पकडून आणत होता.

"काय म्हणाला?" ओदिलियानं विचारलं.

यारेलीला सांगवेना. आईनं दोनदा खांद्याला हलवलं, तेव्हा हळू आवाजात, जमिनीकडे बघत, तिनं सगळं सांगितलं. मोटरीचंही.

ओदिलियानं खिडकीच्या कडेवर हात ठेवला. सुरीच्या जुन्या खुणांनी भरलेला हात. मला वाटलं, आता ती 'अरेरे' म्हणेल आणि मान खाली घालेल, सगळे तेच करतात. ती म्हणाली, "त्याला विचार, पोरगं आवडीनं काय खायचं?"

"आई! हे काय विचारणं झालं?"

"विचार म्हणते ना."

यारेलीनं भीत भीत विचारलं. व्हर्लिननं पहिल्यांदाच वर पाहिलं. त्याला प्रश्न कळायला वेळ लागला.

"चिली," तो म्हणाला. "खिमा-राजम्याचं तिखट कालवण. आणि त्याच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. शाळेत द्यायचे तसा." बोटांनी बुडवल्याची खूण करत म्हणाला, "रोल कालवणात बुडवून खायचा. वरची साखर तशीच. आई ओरडायची त्याची."

यारेलीनं सांगितलं, तसं ओदिलियाचं तोंड कडू झालं. "गोड पाव? तिखट कालवणात? असं करून कुणी खातं?"

हे भाषांतर करावं लागलं नाही. तिचा चेहरा बघून व्हर्लिनला हसू फुटलं. जुनं, गंजलेलं हसू, खोकल्यासारखं. ते आलं तसं थांबेना, आणि हसता हसता डोळे भरले तरी तो बोलतच राहिला. ट्रेंट बदकांना भ्यायचा. एवढा घोडा झाला, तरी तळ्याकाठी बापाच्या मागं लपायचा. प्रार्थनेत बेसूर गायचा आणि ते त्याला एकट्यालाच माहीत नव्हतं. मोजे कधी जोडीचे घातले नाहीत.

मला हे सगळं ठाऊक होतं हो! बेसूर गाणं तर मी चार वर्षं छातीवर सोसलंय. पण मला कोण विचारणार? आणि त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षं लोक नाव वाचत आले. त्या नावाचं पोरगं कसं होतं, हे विचारायला एक परकी बाई यावी लागली, जिनं ते नाव उसवलं होतं.

आत माइकवरून गावांची नावं सुरू झालेली ऐकू आली. टेबनबाई दारातून हात हलवत होत्या. व्हर्लिन गाडीतून उतरला, त्यानं मला झटकलं आणि यारेलीच्या पाठीमागं धरलं, कोटात हात घालायला धरतात तसं. तिनं हात घातले.

"तुझं नाव काय, पोरी?"

"यारेली."

"यरे... येरेली?"

"यारेली."

"यारेली," तो म्हणाला. एकदा बरोबर जमलं, म्हणून पुन्हा म्हणाला.

आम्ही धावलो. मंचावर गेलो तेव्हा माझी छाती कोरी होती. तेवढ्यात वरून तिचं नाव पुकारलं, तिचंच, आणि ओदिलियानं बिल्ला टोचला. एका झटक्यात, थरथर न करता. सुरीवर काम करणारा हात तो. टाळ्या झाल्या. मी बक्षिसाच्या टाळ्या हजारदा ऐकल्यात. त्या दिवशी माझ्या आत जे पोरगं उभं होतं, टाळ्या त्याच्याच होत्या. बस्स. नेहमी निघून जाणारा व्हर्लिन यंदा भिंतीशी उभा होता.

आता मी सिफुएन्तेसांच्या स्वयंपाकघरात, मागच्या दाराशी खिळ्याला असतो. थंडीत यारेली मला घालून शेळ्यांना चारा घालायला जाते. हे नियमात बसत नाही, पण मी तक्रार करणार नाही. एका करडानं माझी उजवी बाही चघळून ठेवलीय. कोपर फाटलंय. अंगाला मक्याच्या भाकरीचा आणि बोकडाचा वास येतो. तुमच्याही कपाटात असा गेलेल्या माणसाचा एखादा कपडा असेल. त्याला तसाच टांगून ठेवू नका, एवढंच मागतो. कुणाला तरी घालू द्या, फाडू द्या. आणि त्याचं नाव निघालं, तर मान खाली घालून गप्प बसू नका, पुढचं विचारा.

माझ्या छातीवर आज कुणाचं नाव आहे, तेवढं सांगतो आणि थांबतो.

कार्यक्रम संपल्यावर बोळात ओदिलियानं पिशवीतून सोनेरी धाग्याचं रीळ काढलं आणि व्हर्लिनसमोर धरलं. "त्याला सांग," ती लेकीला म्हणाली, "मी चांगलं भरतकाम करते. यंत्रासारखं नाही, पण चांगलं. तो म्हणेल ते नाव घालते. त्याच्या मुलाचं म्हणाला, तर मुलाचं."

यारेलीनं सांगितलं. सांगताना तिनं बिल्ल्यावर हात ठेवला. चार वर्षं तिनंही वाट पाहिली होती.

व्हर्लिननं माझ्या छातीवर अंगठा टेकवला, भोकांच्या त्या ओळीवर. मग काढून घेतला.

"हिचं घाला," तो म्हणाला. "तो नको. एकोणीस वर्षं उभा केलाय मी त्याला इथं. दमला असेल पोरगा."